डावी बाही

"डावी बाही वर कर," केरबा म्हणाले.

मी मुलगी पाहायला आलो होतो. नाव, गाव, शिक्षण, दुकानात खुर्च्या किती, असल्या प्रश्नांची उत्तरं हणमंतमामानं एसटीत माझ्याकडून दोनदा घोकून घेतली होती. बाहीचा विषय निघणार हेही आम्हाला ठाऊक होतं. पण तो इतक्या लवकर निघेल असं वाटलं नव्हतं. मी अजून पाण्याचा तांब्यासुद्धा खाली ठेवला नव्हता.

मामानं डोळ्यांनीच कर म्हणून खुणावलं. मी बाही कोपरापर्यंत दुमडली आणि हात पुढे केला. केरबांनी तो उजेडाकडे वळवला, त्यावरून तळवा फिरवला आणि मग एकेक करून त्याच्यावरच्या जखमा मोजल्या.

"सात," ते म्हणाले. "धार बघितलीस का मांजराला न्हाऊ घातलंस?"

आतल्या दाराआडून कुणीतरी हसलं. ते हसू मी ओळखलं आणि मला एकदम बरं वाटलं. म्हणजे ती ऐकत होती.

आमच्या धंद्यातली ही गोष्ट बाहेरच्यांना सांगावी लागते. वस्तरा निसण्याच्या दगडावर घासला, चामड्याच्या पट्ट्यावर परजला, की धार लागली की नाही हे न्हावी स्वतःच्या हातावरचे केस उतरवून बघतो. वस्तरा उजव्या हातात, म्हणून बघायचं ते डाव्या हातावर. रोज उठून हेच. त्यामुळे जुन्या कारागिराचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत असतो आणि उजवा आपला जसाच्या तसा. आमचे आजोबा म्हणायचे, कुणी कितीही फुशारक्या मारू दे, डावी बाही वर करायला सांगायची. सगळं कळतं.

माझ्या हातावर मात्र जे दिसत होतं ते फक्त आठ दिवसांचं होतं.

हे एक्क्याण्णव सालचं. मिरजेत माझं दोन खुर्च्यांचं सलून होतं आणि तोवर शहरातल्या सगळ्या दुकानांत पात्याचे वस्तरे आले होते. अर्धं पातं मोडायचं, मुठीत सरकवायचं, गिऱ्हाईक झालं की फेकायचं. निसणा नाही, पट्टा नाही, कटकट नाही. वडिलांचा जुना वस्तरा ट्रंकेत होता आणि तो तिथंच बरा होता.

मग सांगलीत एका चुलतभावाचं लग्न झालं. नवरदेवाची दाढी मी केली होती, घाईघाईत, वऱ्हाडाच्या गोंगाटात. पंगतीत वाढायला आलेल्या मुलींपैकी एकीनं जिलबीचं ताट हातात धरून नवरदेवाकडे बघितलं आणि हसत शेजारणीला विचारलं, "अगं, नवरदेवाला कुणी खरवडलं?"

खरवडणारा तिच्या पुढ्यातच बसला होता. तिनं मला दोन जिलब्या वाढल्या आणि पुढे गेली. मी त्या दोन जिलब्या खाल्ल्या की नाही ते आठवत नाही. संध्याकाळपर्यंत मला तिचं नाव, गाव आणि ती कुणाची कोण हे सगळं ठाऊक झालं होतं. अनसूया राऊत, हरणेवाडीच्या केरबा राऊतांची एकुलती एक.

"केरबाची?" हणमंतमामानं कपाळाला हात लावला. मामाचंही दुकान होतं, पण त्याचा खरा जीव लग्नं जमवण्यात. "अरे, तो माणूस मुलाची पत्रिका बघत नाही, धार बघतो. स्वतःचा वस्तरा पुढे टाकतो. लाव म्हणतो धार. तीन पोरं माघारी पाठवलीत त्यानं."

"मग तू काय सांगितलंस?"

"मी काय सांगणार? सांगितलं, आमच्या दिगूनं लावलेल्या वस्तऱ्यावर माशी बसली तर दोन माशा उडतात."

मी माझी डावी बाही वर करून बघितली.

"आठ दिवस आहेत," मामा म्हणाला.

त्या आठ दिवसांत मी वडिलांचा वस्तरा ट्रंकेतून काढला आणि कामाला लागलो. पहिल्या दोन दिवसांत डाव्या हातावरचे केस संपले. मग वस्तरा डाव्या हातात धरून उजवा हात संपवला, त्यावरच्या जखमा वेगळ्याच. मग पोटऱ्या. मग मामा माझ्या दुकानात आला आणि जाताना दोन्ही बाह्या खाली ओढून गेला. आई म्हणाली, "मुलगी बघायला चाललायस का सोलून घ्यायला?" पण सातव्या दिवशी धार बरी लागली. चांगली नाही म्हणणार, बरी लागली.

तर अशा तयारीनं मी वैशाखातल्या एका भर दुपारी हरणेवाडीच्या त्या सोप्यात घोंगडीवर बसलो होतो. केरबा समोर. साठीचे, सडपातळ, मिशा काटेकोर. एवढ्या उकाड्यातही त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत आणि बटणं लावलेली. मला ते रुबाबदार वाटलं. मी घामानं निथळत होतो.

पोहे घेऊन अनसूया आली. तिनं मामाला बशी दिली, मला दिली, आणि खालच्या आवाजात विचारलं, "तुम्हीच ना ते सांगलीचे?"

"कोण?"

"खरवडणारे."

"आता सुधारलोय," मी म्हणालो.

"हाताकडं बघून वाटत न्हाई," ती म्हणाली आणि पदर सावरला.

मी तिच्या हाताकडे बघत होतो. उजव्या हातावर बारीक सोनेरी लव होती आणि डावा एकदम स्वच्छ. चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या हातावरची लव जाळानं करपते, हे मी घरी पाहिलेलं. ही डावखुरी असेल, डाव्या हातानं भाकरी परतत असेल, असं मी मनात ठरवलं आणि पोह्यांकडे वळलो. पोह्यांत खोबरं भरपूर होतं.

बशा उचलल्यावर केरबांनी कोनाड्यातून एक लाकडी पेटी काढली. आत दोन वस्तरे, जोडीचे, काळ्या शिंगाच्या मुठीचे. दोन्ही अगदी सारखे, फक्त एकाच्या मुठीचा टोकाला टवका उडालेला.

"आमच्या आज्याचं हायती," केरबा म्हणाले. "आता बघा." त्यांनी न टवकलेला वस्तरा उघडला, माझ्या डोक्यावरचा एक केस मला न विचारता उपटला आणि दोन बोटांत धरून वरून अलगद पात्यावर सोडला. केस टेकला आणि अर्धा खाली पडला. ओढणं नाही, दाबणं नाही. नुसता टेकला आणि तुटला.

मामाच्या तोंडून "आयला" निघालं.

"काल सांजच्याला लावलेली धार हाय," केरबा म्हणाले. आतून बांगड्या वाजल्या आणि कुणीतरी खाकरलं. केरबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "ह्या पंचक्रोशीत अशी धार दुसऱ्या कुणाला लागत न्हाई. म्हणून जावळाला लोक अजून माझ्याकडंच येत्यात. स्टँडवर नवीन सलून झालंय, पंखा हाय, रेडिओ हाय. पर लेकराच्या टाळूवर वस्तरा फिरवायचा म्हटलं की केरबाच लागतो."

मग त्यांनी टवक्याचा वस्तरा उघडला, शेजारचा पितळी तांब्या ओढला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पात्याची धार तांब्याच्या काठावरून दोनदा खर्रकन् ओढली. माझे दात शिवशिवले. मामानं तर डोळेच मिटले.

"आता लाव," म्हणाले. "तीन परीक्षा. नखावर, हातावर आणि शेवटी लोंबत्या केसावर. केस मात्र पोरीचा. तुझा केस म्हणजे काथ्या हाय, त्यो कोयत्यानंबी तुटल."

मी निसणा पुढे घेतला. पाणी शिंपडलं. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवायची, हात तिळभरही कलू द्यायचा नाही, आणि धार पुढे करून सरकवायचं. मग उलटवायचं, परत. सांगायला एवढंच आहे. करायला लागलं की आपल्या मनगटात किती हाडं आहेत ते कळतं. प्रत्येक वेळी उलटवताना मुठीचा तो टवका माझ्या अंगठ्याला टोचत होता. दहा मिनिटांत अंगठा लाल झाला, पण हात बसला. मामा वारा घालत होता, मला की स्वतःला ते नक्की नाही. दाराच्या फटीत एक डोळा होता आणि तो माझ्या चेहऱ्याकडे न बघता माझ्या मनगटाकडे बघत होता. मुलगी पाहायला गेलेल्या माणसाचा एवढा अपमान दुसऱ्या कशानंही होत नसेल.

एकदा मी हात थोडा कललेला दामटला, तेव्हा फटीतून "च्" असा आवाज आला. मी हात सरळ केला.

तासाभरानं निसणा झाला. मग खिडकीच्या गजाला पट्टा अडकवून पन्नास फेऱ्या. मग मी वस्तरा केरबांपुढे धरला.

"नख."

डाव्या अंगठ्याचं नख ओलं केलं आणि त्यावर धार हलकेच ओढली. घसरली तर बोथट, अडखळली तर दाते राहिलेत. माझी धार नखाला धरून सरकली. केरबांनी ती स्वतःच्या नखावरही ओढून बघितली आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

"बरं हाय की रं! तांब्यानं पाडलेलं दातं गेलं सगळं. हं, आता हात."

मी डावा हात पुढे केला. त्याच्यावर एक केस नव्हता. उजवा केला. त्याच्यावरही नव्हता.

"पाय?" केरबा म्हणाले.

मी मान हलवली.

"मामा?"

मामानं बाही वर न करताच सांगितलं, "माझंही हेच झालंय, केरबा. पोरासाठी."

केरबा खदखदून हसले. धंद्यातला जुना माणूस, समोर ताजी धार, हात नुसते शिवशिवत असणार. "मग काय आता शेजारची शेळी आणायची? हां, ह्यावर बघ," म्हणत त्यांनी झटक्यात डाव्या मनगटाचं बटण काढलं, बाही वर सारली आणि हात माझ्यासमोर ठेवला.

त्या हातावर केस होते. एखाददुसरा नव्हे, भरघोस. पांढरे, लांब, मनगटापासून कोपरापर्यंत, वर्षानुवर्षं वस्तरा न लागलेले.

केरबांनी आपल्याच हाताकडे बघितलं आणि त्यांचं हसू तोंडावरच राहिलं. हात मागे घ्यावा तर आम्ही बघितलेला. ठेवावा तर आम्ही बघतोय. पंचक्रोशीत नाव असलेल्या कारागिराच्या डाव्या हातावर जंगल, याचा अर्थ आम्हा दोघा न्हाव्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आणि आतल्या दाराशी उभ्या असलेल्या मुलीचा डावा हात चुलीनं करपलेला नव्हता, हेही मला त्याच क्षणी कळलं.

मामाचं तोंड उघडलं. "केरबा, तुमच्या हातावर तर..."

"मामा," मी म्हणालो, "जरा वाटीत पाणी आण."

"अरे पण..."

"पाणी आण, मामा. कोमट."

मामा उठला. मी सरकून केरबांच्या जवळ गेलो, त्यांचा हात माझ्या मांडीवर घेतला आणि मनगटाशी वस्तरा टेकवला. ह्याच हाताला काही झालंय का म्हणून मी मनगटाचं हाड चाचपलं. पण केरबा हळूच म्हणाले, "त्यो न्हवं. उजवं मनगट मोडलंय. चार वर्सं झाली, आडावर घसरलो. दाढी हुती, जावळ हुतंय. दगडावर पातं सपाट ऱ्हात न्हाई."

"बोलू नका, हात हलतो," मी म्हणालो.

मी केसांचा एक पट्टा उतरवला. धार घेत होती. मग दुसरा. परीक्षेला बोटभर जागा पुरते. पण मी थांबलो नाही. मामानं पाणी आणलं, ते लावलं आणि मनगटापासून कोपरापर्यंत केरबांचा सगळा डावा हात साफ करायला घेतला. केरबा माझ्याकडे बघत होते.

"मिरजेत सोमवारी सलूनं बंद असतात," मी म्हणालो.

"बरं मग?"

"मग काही नाही. सोमवारी मी मोकळा असतो. इकडची एसटी नऊला सुटते, साडेदहाला हरणेवाडीत. संध्याकाळच्या गाडीनं परत जाता येतं."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी. दोघंही."

"दोघं म्हंजे कोण?"

"ते तुम्ही ठरवायचं, आबा."

केरबांनी दुसऱ्या हातानं डोळे पुसले आणि ओरडले, "आरं, साबण न्हाई, काय न्हाई, नुसत्या पाण्यावर खरवडतोय ह्यो!" पण हात त्यांनी हलवला नाही. तीन मुलं त्यांनी का माघारी पाठवली होती ते मला कळलं होतं. पोरगी गेली की धार गेली, आणि धार गेली की केरबा स्टँडवरच्या पंख्याखालच्या पोरापुढे हरले. मला त्या म्हाताऱ्याची माया आली, खरंच आली. मुलगी मिळो न मिळो, हा हात पुरा करायचा, एवढंच तेव्हा मनात होतं.

हात पुरा झाला. मी तो पुसला. तो आता कारागिराचा हात दिसत होता.

"दोन परीक्षा झाल्या," केरबा घसा साफ करून म्हणाले. "अनसू, केस दे."

अनसूया बाहेर आली. तिचे डोळे लाल होते, पण मान ताठ. तिनं कानामागचा एक लांब केस उपटला आणि माझ्या हातात दिला. मी तो दोन बोटांत धरला आणि पात्यावर सोडला.

केस पात्यावरून घसरून पलीकडे गेला.

पुन्हा सोडला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तो पात्यावर जरा थांबला, मला वाटलं आता, आणि तो निवांत वाकून खाली उतरला. मामानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आठ दिवस, दोन हात, दोन पोटऱ्या आणि एक मामा, सगळं त्या एका केसावरून घसरून गेलं.

"न्हाई तुटला," केरबा म्हणाले. ते खुशीत नव्हते. पण स्वतःच घातलेली अट, चौथ्या मुलाला मोडायची कशी? ते निसण्याकडे बघत बसले.

"तुटंल कसा?" अनसूया म्हणाली. "तेलाचा केस हाय. तीन दिस न्हाले न्हाई मी."

"तेलाचा?" केरबांनी वर बघितलं. "आन मागल्या तिघांना दिलास त्यो?"

"त्योबी तेलाचाच."

"मग तवा बोलली न्हाईस ती?"

"तवा काय अडलं हुतं?" ती म्हणाली. "थांबा जरा. मी न्हाऊन येते."

आतून तिच्या आईचा आवाज आला, "अगं बाई, पाव्हणं बसल्यात आन तू न्हायला निघालीस?"

"शिकेकाई कुठं ठेवलीस, आई?"

आत जाता जाता ती वळली आणि माझ्यासमोर हात धरला. "वस्तरा द्या हिकडं. त्याला माझ्या केसाचं तेल लागलंय, पुसून आणते. पेटीबी द्या, फडकं त्यात असतं." मी वस्तरा दिला आणि पेटीही दिली.

मग आम्ही तिघं पुरुष भर दुपारी एका मुलीचं न्हाणं संपायची वाट बघत बसलो. आयुष्यात इतकं अवघडून मी कधी बसलो नसेन. बंबातलं पाणी घंगाळ्यात पडल्याचा आवाज येई तेव्हा मामा खोकायचा. केरबांनी उसाच्या भावाचा विषय काढला. मामानं पावसाचा काढला. मी शिकेकाईचा वास घेत छताचे वासे मोजले. अकरा होते.

ती आली ती ओले केस पाठीवर मोकळे सोडून. एक केस तिनं फडक्यात पुसून, उन्हात धरून वाळवून आणला होता. काखेत पेटी, एका हातात केस, दुसऱ्या हातात मिटलेला वस्तरा. मी वस्तरा घेतला, उघडला, आणि सवयीनं अंगठा मुठीच्या टोकाशी गेला.

काही टोचलं नाही.

मी पुन्हा अंगठा फिरवला. शिंग गुळगुळीत होतं. मी तिच्याकडे बघितलं. ती तुळशीवृंदावनाकडे बघत होती, जणू आपला आणि ह्या वस्तऱ्याचा काही संबंधच नाही. आता बोलायचं की गप्प बसायचं, हे ठरवायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात केससुद्धा जमिनीवर पडत नाही. मी गप्प बसलो.

केस सोडला. टेकला, आणि अर्धा खाली पडला. कसला आवाज नाही, काही नाही.

"वा रं पठ्ठ्या!" मामा उडालाच. "म्हटलं नव्हतं? दोन माशा!"

"आण हिकडं," केरबा म्हणाले.

मी वस्तरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मिटला, तळव्यात धरला, आणि त्यांचा अंगठा मुठीवरून सावकाश टोकाकडे गेला. आजोबांपासूनचा वस्तरा, पन्नास वर्षं हातात. अंगठा टोकाशी थांबला. तिथंच एकदा पुढे, एकदा मागे फिरला. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग ओल्या केसांच्या आपल्या लेकीकडे. अनसूयानं ह्यावेळी नजर चुकवली नाही.

तिच्या केसांचं पाणी घोंगडीवर टपटप पडत होतं.

केरबांनी वस्तरा पेटीत, त्याच्या जागी ठेवला. झाकण लावलं. मग डावी बाही तशीच वर ठेवून, नुकत्याच साफ झालेल्या उघड्या हातानं त्यांनी मिशीवरून बोटं फिरवली.

"हणमंतराव," ते मामाला म्हणाले, "पोरीला मुलगा पसंत हाय."

परतीच्या एसटीत मामानं टोपी डोळ्यांवर ओढली होती. तासगाव फाटा मागे पडल्यावर म्हणाला, "दिगू, केरबाचा हात बघितलास?"

"कुणाचा?" मी म्हणालो.

मामा हसला आणि झोपला.

त्यानंतर अकरा वर्षं आम्ही दर सोमवारी नऊच्या गाडीनं हरणेवाडीला गेलो. पोचल्या पोचल्या अनसूया पेटी घेऊन आतल्या खोलीत बसायची आणि मी सोप्यात आबांचा डावा हात साफ करायचो. गावातली माणसं येता-जाता बघायची. म्हणायची, जावई काय कामाचा मिळालाय, सासऱ्याच्या वस्तऱ्याची धार सासऱ्याच्याच हातावर बघतोय. आबा म्हणायचे, शिकंल हळूहळू. शेवटच्या सोमवारी त्यांना बाही वर करायची ताकद नव्हती, ती मी केली. पेटी त्यांनी अनसूयाच्या मांडीवर ठेवली, माझ्या नव्हे.

आज आमच्या सलूनमध्ये चार खुर्च्या आहेत, पंखे आहेत, गिऱ्हाइकागणिक नवं पातं आहे. पण मिरजेतले दहा-बारा म्हातारे अजून स्वतःचे वस्तरे घेऊन धार लावायला येतात. म्हणतात, दिगंबर काशीदसारखी धार जिल्ह्यात कुणाची नाही. एकदा मी अनसूयाला म्हणालो, खरं काय ते सांगून टाकतो ह्यांना. ती निसण्यावरून नजर न उचलता म्हणाली, "सांगा की. आधी पातं सपाट धरायला शिका, मग सांगा."

तेव्हा म्हातारे शाबासकी देतात आणि मी मान खाली घालून घेतो. अडचण एकच होती, माझ्या डाव्या हातावर उगवणारे केस, आणि ती तिनंच पहिल्या वर्षी ओळखली. म्हणून दर सोमवारी सकाळी, चहा झाला की ती वाटीत कोमट पाणी घेऊन माझ्यासमोर बसते आणि आपल्या बापाच्याच आवाजात म्हणते,

"डावी बाही वर करा."